लहान देशांचे चित्रपट

कोल्हापुरांत खरी कॉर्नरपाशीं कॅमेऱ्याचा एक मानस्तंभ उभा आहे. भाजीची पिशवी हातांत घेऊन आपण त्याच्या बाजूनें रोज जातों, आणि रोज जातों म्हणूनच त्याच्याकडे पाहत नाहीं. गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी आपल्या सिंहली मित्रास घेऊन माझ्या घरीं आला, तेव्हां पाहुण्यास गांव दाखवावें म्हणून मीं त्या दोघांना प्रथम तेथेंच नेलें.

पाहुणा चित्रपटांचा अभ्यासक होता. मास्तरकीची संवय सुटत नाहीं; मीं त्याला सारा इतिहास उभ्या उभ्या शिकविला. आनंदराव व बाबूराव पेंटर या जोडीनें नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां चित्रपटाचा ध्यास कसा घेतला, १९१६ सालीं आनंदराव वारल्यावर बाबूरावांनीं सहकाऱ्यांच्या मदतीनें याच गांवांत कॅमेरा कसा घडविला, 'सैरंध्री' १९२० सालीं पुण्यास लागला तेव्हां लोकमान्यांनीं बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून कसें गौरविलें, हें सर्व सांगितलें. मग १९२५ च्या 'सावकारी पाश'वर आलों. ना. ह. आपटे यांची कथा. सावकारापायीं जमीन गमावून शहरांतील गिरणीची वाट धरणारा शेतकरी. त्या भूमिकेंत तरुण शांताराम. पडदे देवादिकांच्या व राजेरजवाड्यांच्या कथांनीं भरलेले असतांना कोल्हापूरच्या माणसानें काढलेला हा कुळाचा आणि सावकाराचा चित्रपट. माझें व्याख्यान संपल्यावर पाहुण्यानें नम्रपणें विचारलें, "हा चित्रपट मला कोठें पाहावयास मिळेल?"

कोठेंच नाहीं, हें उत्तर देतांना माझा आवाज उतरला. तीच कथा १९३६ सालीं बाबूरावांनीं बोलपटांत पुन्हां सांगितली. परंतु ज्याच्या नांवानें आपण अभिमान मिरवितों तो मूकपट आज उपलब्ध नाहीं. पाहुणा कांहीं वेळ गप्प राहिला. नंतर, बहुधा माझा संकोच घालवावा म्हणून, त्यानें विचारलें, "आमचा 'रेखावा' आपण पाहिला असेलच?"

येथें मला खोटें बोलतां आलें असतें. 'रेखावा' मीं पाहिला होता, पण अर्धा. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका खेळास हौसेनें गेलों होतों, आणि तासाभरानें पाय आखडल्याची सबब स्वतःलाच सांगून बाहेर पडून चहा घेत बसलों होतों. आपला चित्रपट जगानें जपला नाहीं म्हणून हळहळणारा मी, शेजारच्या बेटावरचा चित्रपट समोर चालू असतांना उठून आलों होतों. मीं तसें कबूल केलें. तो हंसला आणि म्हणाला, "आमच्याकडेही पुष्कळ लोक असेच उठून गेले होते." आजचें माझें बोलणें त्या दिवसाच्या कबुलीपोटीं आहे, विद्वत्तेपोटीं नव्हे.

लहान देशाचा चित्रपट म्हणजे काय, हें आधीं थोडें पाहूं. माणसांच्या मोजदादीनें तें ठरतेंच असें नाहीं. भूतानची सारी लोकसंख्या सुमारें साडेसात लाख. आपल्या एका कोल्हापूर जिल्ह्याची २०११ च्या शिरगणतींत अडतीस लाखांवर होती. त्या मापानें मराठी ही मोठी भाषा ठरते, कारण तिचे बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत. तरीही मराठी चित्रपटाची अवस्था लहान घरासारखीच आहे, कारण त्याच अंगणांत हिंदीचा वाडा उभा आहे; चित्रगृह तेंच, प्रेक्षक तेच आणि खिसाही तोच. सिंहलीच्या बाजूला तमिळ व हिंदी, आफ्रिकेंतील वोलोफ भाषेच्या डोक्यावर फ्रेंच, आणि सर्वांच्याच डोक्यावर अमेरिका. लहान चित्रपट म्हणजे ज्याच्या शेजारीं मोठा आवाज सतत चालू असतो असा चित्रपट. तो ऐकावयाचा तर कान निराळा लावावा लागतो.

'रेखावा'चेंच पाहा. पहिला सिंहली बोलपट १९४७ सालचा. त्यानंतर कित्येक वर्षें सिंहली बोलपट बहुतेक दक्षिण भारतांतील स्टुडिओंत तयार होत. भाषा तेवढी सिंहली, बाकी गाणीं, रडणें, नाचणें सर्व आपल्याकडील वळणाचें. म्हणजे ज्या अनुकरणाचा आपण हॉलिवुडच्या नांवानें उपहास करतों, त्याच अनुकरणाचा कित्ता त्यांच्यापुढें आपणच ठेवला होता. लेस्टर जेम्स पेरीस या दिग्दर्शकानें १९५६ सालीं तो कित्ता मिटला. कॅमेरा स्टुडिओच्या भिंतींतून काढून खऱ्या खेड्यांत, खऱ्या उन्हांत नेला. 'रेखावा' म्हणजे तळहातावरील दैवाची रेषा. शब्द आपल्या रेखेचाच सख्खा भाऊ. एक भटका कलावंत सेना नांवाच्या खेडवळ मुलाचा हात पाहून, हा मोठा वैद्य होईल असें भविष्य सांगतो. पुढें त्याच्या मैत्रिणीची दृष्टि जाते आणि मुलाच्या स्पर्शानें ती परत आल्यासारखें होतें. झालें! गांव त्या पोराला देवमाणूस ठरवितें. बापाला त्यांत मिळकत दिसूं लागते. आणि पुढें एक मूल दगावतें, पाऊस पडत नाहीं, तेव्हां तेंच गांव त्या पोरावर उलटतें.

मी पहिल्या वेळीं काय करीत होतों? कथा पुढें केव्हां सरकते याची वाट पाहत होतों. पाहुणा परत गेल्यावर मीं 'रेखावा' घरीं मिळवून पुन्हां लावला, आणि या वेळीं मुलाकडे न पाहतां गांवाकडे पाहिलें. मग कळलें कीं चित्रपट सरकत नव्हता असें नव्हे. मी भलतीकडे पाहत होतों. गर्दी कशी जमते, कोण पुढें येतो, कोण मागें राहून कुजबुजतो, काल पाया पडणारा आज डोळे कसे फिरवितो, हीच त्याची कथा. आपल्याकडील एखाद्या वाडींत अंगांत येणाऱ्या बाईभोंवतीं गर्दी जमते आणि पुढें एक दिवस तीच गर्दी पांगते, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला 'रेखावा'चा एकही प्रसंग परका वाटणार नाहीं. १९५७ सालीं तो फ्रान्समधील कानच्या महोत्सवांतील स्पर्धेंत दाखविला गेला. घरच्या चित्रगृहांत मात्र त्याला पुरेसा आश्रय मिळाला नाहीं. पुढें पेरीस यांच्याच 'गम्पेरळिया'ला १९६५ सालीं दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत सुवर्णमयूर मिळाला. म्हणजे सन्मान आपल्याच राजधानींत झाला, आणि तरी आपल्यापैकीं कितीजणांनीं तें नांव ऐकलें आहे?

परक्या भाषेचें चित्र समजणार कसें, असा प्रश्न मला नेहमीं विचारतात. त्याला माझें उत्तर 'संत तुकाराम'. कोल्हापुरांत १९२९ सालीं सुरू झालेली आणि १९३३ सालीं पुण्यास गेलेली प्रभात कंपनी; बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेले दामले व फत्तेलाल हे दिग्दर्शक; आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत झालेला त्या चित्रपटाचा गौरव. तेथील परीक्षकांना मराठी येत होतें काय? वारी म्हणजे काय, अभंग म्हणजे काय, हें त्यांना कोणी शिकविलें होतें? विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील भाव आणि पोराबाळांच्या पोटासाठीं विठोबाशींच भांडणारी जिजाई, एवढें त्यांना दिसलें आणि तेवढें पुरलें. त्यांनीं आपल्या तुकोबाला जें दिलें, तें आपण इतरांच्या चित्रपटाला द्यावें, इतकाच हा व्यवहार आहे. थोडें लक्ष, थोडा धीर, आणि न कळलेल्या गोष्टीवर न रागावण्याची तयारी.

पडद्याखालीं येणाऱ्या भाषांतराच्या ओळींची धास्ती पुष्कळांना वाटते; विशेषतः वडील मंडळींना, कारण त्या ओळी बहुधा इंग्रजींत असतात आणि वाचून होण्यापूर्वींच नाहींशा होतात. आमच्या घरीं यावर एक युक्ति काढली आहे. नातवंडांपैकीं एकानें त्या ओळी मराठींत मोठ्यानें सांगत जावयाचें. यांत नवीन कांहीं नाहीं. मूकपटांच्या काळांत पाट्या वाचून दाखविणारा माणूस चित्रगृहांत असेच. सांगतांना मुलें चुकतात, भर घालतात, कधीं अडून बसतात. पण शब्द अडला म्हणजे चित्र थांबवून त्यावर बोलणें होतें, आणि तें बोलणें कधीं कधीं चित्रपटाहून लांबतें. पहिलीं दहा मिनिटें मात्र ओळींकडे न पाहतां नुसतें चित्र पाहावें आणि आवाज ऐकावा, असा माझा आग्रह असतो. अंगण कसें झाडतात, पाणी कोण भरतें, ताटाला आधीं कोण बसतें, हें एकदां डोळ्यांत बसलें कीं पुढचीं निम्मीं वाक्यें न वाचतांही कळतात.

आतां ज्या चित्रपटासाठीं मी हा सारा खटाटोप करीत आहें, त्याविषयीं सांगतों. पश्चिम आफ्रिकेंतील सेनेगाल देशाचा उस्मान सेम्बेन हा माणूस फ्रान्समधील मार्सेय बंदरांत गोदी कामगार होता. पुढें तो कादंबरीकार झाला. पण आपलीं पुस्तकें फ्रेंच भाषेंतलीं आणि ज्यांच्याविषयीं लिहितों त्यांना वाचतां येत नाहीं, हें शल्य त्याला बोचूं लागलें. म्हणून चाळिशीच्या आसपास तो मॉस्कोस जाऊन चित्रपटकला शिकून आला. त्याचा १९६३ सालचा एक लहानसा चित्रपट अवघा वीस मिनिटांचा आहे. डकार शहरांतील एका गाडीवानाचा एक दिवस; सकाळीं तो गाडी जोडून निघतो आणि संध्याकाळीं गाडी गमावून, नुसता घोडा घेऊन घरीं येतो. धीर कमी असणाऱ्यांनीं येथून आरंभ करावा. परंतु त्याची खरी मेजवानी म्हणजे १९६८ चा 'मंदाबी'.

'मंदाबी' म्हणजे मनीऑर्डर! इब्राहिम दियेंग हा बेकार, पण रुबाबदार गृहस्थ. दोन बायका, सात मुलें, दुकानदाराची उधारी. पॅरिसमध्यें रस्ते झाडणारा पुतण्या त्याच्या नांवें पंचवीस हजार फ्रँकची मनीऑर्डर धाडतो. त्यांतले थोडेच इब्राहिमचे; बाकीचे पुतण्याच्या ठेवीचे आणि त्याच्या आईचे. पण पोस्टमन दारांत येऊन गेला हें आळींत पसरायला किती वेळ लागतो? दुकानदार उधारी देऊं लागतो, शेजारी उसने मागायला येतात, मशिदीपाशीं भेटणारा प्रत्येकजण एकाएकीं जवळचा नातलग होतो. पैसा अजून पोस्टांतच आहे. पोस्टांतील कारकून ओळखपत्र मागतो. ओळखपत्रासाठीं जन्माचा दाखला हवा. दाखल्यासाठीं जन्मतारीख हवी, आणि ती कोणाला ठाऊक? फोटो हवेत, तिकीट हवें, ओळखीचा मोठा माणूस हवा. प्रत्येक खिडकीपाशीं त्याचा रुबाब एकेक बोट खालीं उतरतो. शेवटीं काय होतें तें मी सांगणार नाहीं.

मीं वर्गांत चौथ्या बांकावरील मुलांच्या बापांना दाखल्यासाठीं हेलपाटे घालतांना पाहिलें आहे. मुलाची जन्मतारीख विचारली कीं 'मोठ्या पुराच्या आधीं दोन महिने' असें उत्तर येई, आणि रकान्यांत तर महापूर लिहितां येत नसे. मी कांहीं तरी तारीख घालून देत असें. अशा कितीजणांचे वाढदिवस माझ्या हस्ताक्षरांत जन्मले असतील, देव जाणे! 'मंदाबी' पाहतांना मी हंसलों, आणि खिडकीच्या आंत बसलेल्या कारकुनाच्या तोंडावर मला माझेंच तोंड दिसलें. सेम्बेन यानें हा चित्रपट वोलोफ भाषेंत केला. फ्रेंच पैशाच्या आग्रहानें त्याची एक फ्रेंच आवृत्तिही घ्यावी लागली. पण त्याचें मन कोणत्या आवृत्तींत होतें हें पहिल्याच भांडणांत कळतें. माणूस भांडतो तो आपल्याच भाषेंत.

कोणी असें समजूं नये कीं लहान देशाचा चित्रपट म्हणजे उत्तमच. वाईट चित्रपट काढण्याचा हक्क सर्व देशांना सारखाच आहे. त्यांत एक जात अशी आहे कीं जी घरच्यांसाठीं नसतेच. परदेशांतील महोत्सवांत पाहुण्यांना दारिद्र्य सुबक करून दाखविण्यासाठीं ती घडविलेली असते. तींत गरीब माणूस फारसा बोलत नाहीं, फक्त क्षितिजाकडे पाहत बसतो. मी ही जात एका खुणेनें ओळखतों: तेथें कोणी कोणाची थट्टा करीत नाहीं. खऱ्या गरिबांच्या घरांत थट्टा भरपूर असते.

भूतानचा 'लुनाना' २०१९ चा. त्यावर माझा थोडा राग आहे आणि पुष्कळ प्रेम आहे. ऑस्ट्रेलियास जाऊन गाणारा होण्याचीं स्वप्नें पाहणाऱ्या एका तरुण मास्तराची बदली हिमालयांतील अतिदुर्गम शाळेंत होते. फळा नाहीं, कागद नाहीं, वीज नाहीं. शेणाच्या सोईसाठीं वर्गांतच एक याक बांधलेला. थंडी अडविण्यासाठीं खिडक्यांना लावलेला कागद तो मास्तर मुलांना लिहावयास मिळावा म्हणून फाडून देतो, त्या प्रसंगीं मला चष्मा काढावा लागला. पात्रांत गांवचीच माणसें, आणि चित्रण सूर्याच्या उजेडावर साठविलेल्या विजेनें केलेलें. भूतानचा हा पहिलाच चित्रपट ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत गेला. माझा राग एवढाच कीं तेथील सारींच मुलें गोड. इतका गुणी वर्ग मला पस्तीस वर्षांत एकदांही लाभला नाहीं. एक तरी टारगट पोरगा दिग्दर्शकानें ठेवावयास हवा होता.

हे चित्रपट मिळविणें आतां पूर्वींसारखें अवघड उरलेलें नाहीं. १९४७ सालीं कलकत्त्यास सत्यजित राय व त्यांच्या मित्रांनीं फिल्म सोसायटी काढली, त्या काळीं रिळांचा एकेक डबा आगगाडीनें गांवोगांव फिरवावा लागे. आज कोल्हापुरांत बाबूरावांच्याच नांवाची फिल्म सोसायटी आहे, आणि घरोघरीं पडदा आहे. उणीव आहे ती सोबतीची. एकट्यानें लावलेला असा चित्रपट विसाव्या मिनिटाला बंद होतो. चौघांनीं मिळून लावलेला लाजेकाजेनें तरी शेवटपर्यंत जातो. लाजेनें पाहिलेला चित्रपटही पाहिलेलाच असतो. महिन्याचा एक रविवार, एक देश, आणि नंतर चहा, एवढें कोणत्याही घराला झेपतें.

पुन्हां त्या मानस्तंभापाशीं येतों. भारतांत सुमारें १३०० मूकपट निघाले असें सांगतात. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांनीं वाचलेले तीसच्या आसपास. बाकीचे जळाले, कुजले, किंवा फितींतील चांदीसाठीं मोडींत गेले. 'सावकारी पाश'ची एक झलक आपल्याला मिळते ती मुंबईच्या जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणींतून: अंधुक उजेडांतील एक उदास झोपडी आणि विव्हळणारें कुत्रें. चित्र मुकें होतें, तरी त्या कुत्र्याचा आवाज वाडियांच्या स्मरणांत कायमचा राहिला. एका प्रेक्षकानें मन लावून पाहिलें, म्हणून एवढें तरी उरलें. त्या रात्रीं तेथून अर्ध्यावर उठून गेलेल्यांपाशीं काय उरलें असेल?

पाहुण्यानें निरोप घेतांना मला एक गोष्ट विचारली, ती आतां मी आपणांस विचारतों. कोल्हापूर, सांगली, मिरज, पुणें येथील जुन्या घरांच्या माळ्यावर, एखाद्या आजोबांच्या लोखंडी पेटींत, कंपनींत काम केलेल्या कोणा नातलगाच्या सामानांत, फितींचे डबे, जाहिरातींचे कागद, बोलपटांच्या गाण्यांचीं पुस्तकें, छायाचित्रें असूं शकतील. रद्दीवाला येण्यापूर्वीं तीं एकदां पाहावीं. फीत सांपडली तर मात्र ती स्वतः उलगडूं नये आणि दिव्यापाशीं तर मुळींच नेऊं नये. जुनी नायट्रेटची फीत फार लवकर पेट घेते. नंतरच्या काळांतली असेल आणि शिरक्यासारखा आंबट वास येत असेल, तर तिचा नाश सुरू झाला आहे असें समजावें. डबा थंड, कोरड्या जागीं ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावें. १९६४ सालीं स्थापन झालेली ही संस्था २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. डब्यावरील चिठ्ठी पुसट झाली असली तरी फेकूं नये. आंत काय आहे हें पुष्कळदां त्या चिठ्ठीवरूनच कळतें.